डाव्या कानाची खूण

आत्या : तोच आहे. तू नुसती मान हलव, की मी निघाले.

भाची : दवाखाना उघडायच्या आत पिंजरा घेऊन दारात उभी, आणि वर मान हलव? कोण तोच?

आत्या : अगं, मागच्या सोमवारी तू नसबंदी केलीस तो पिवळा बोका. डाव्या कानाचं टोक कापलेलं आहे, बघ की.

भाची : नसबंदी झालेल्या प्रत्येक मांजराच्या कानाचं टोक मीच कापते, आत्या. पुन्हा धरून आणू नये म्हणून! तुझ्या गल्लीत असे पिवळे बोके तीन आहेत.

आत्या : हा खातो, पितो, फिसकारतो. ठणठणीत आहे ना?

भाची : आहे. मग आणलास कशाला?

आत्या : आपलं सहज.

भाची : सहज? अंगठा दाखव.

आत्या : सुरी लागली म्हटलं ना तेव्हाच.

भाची : सुरीने दोन गोल भोकं पडत नाहीत. मी डॉक्टर आहे. मांजरांची असले तरी.

आत्या : ओरडू नकोस हं, ठमे. सोमवारी त्याला सोडायला नेलं, तेव्हा तो अजून गुंगीत होता. अंगाखालचा टॉवेल ओढला आणि त्याने धरला अंगठा.

भाची : आणि तू सोडलास त्याला? चावलेलं मांजर दहा दिवस पिंजऱ्यात ठेवायचं, ही पाटी या भिंतीवर कुणी लिहून लावली? अक्षर तुझं आहे!

आत्या : म्हणून तर बोलले नाही. सोसायटीचा सेक्रेटरी काय म्हणाला होता? कुणाला एक जरी चावा झाला, तरी सगळी मांजरं पोत्यात भरून लांब नेऊन सोडणार. तेवीस आहेत गं. सगळी माझ्या हातचं खातात.

भाची : रेबीजचं इंजेक्शन घेतलंस?

आत्या : साबणाने खसखसून धुतलं.

भाची : इंजेक्शन, आत्या.

आत्या : ते कागदावर लिहिणार, मांजर चावलं म्हणून. कुठून कुठे बातमी जाते! आणि तो रोज यायचा जेवायला. दहा दिवस धडधाकट राहिला की झालं, असं म्हणत मी दिवस मोजत होते. सात दिवस आला.

भाची : आणि मग?

आत्या : सातव्या दिवशी ताटलीपर्यंत आला आणि मागे सरला. पाणी ठेवलं, तर भिंतीला चिकटला. तोंडातून लाळ गळत होती. मग आलाच नाही. आज नववा.

भाची : आत्या...

आत्या : दोन दिवस नळ सोडून बघत बसते मी. पाण्याची भीती वाटते का म्हणून. वाटत नाही. पण पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. फार घाबरले गं.

भाची : हाताला मुंग्या येतात? जखमेपाशी?

आत्या : नाही.

भाची : खरं सांग. तेव्हाही मला काही नाही म्हणालीस.

आत्या : नाही गं, शप्पत. सकाळी सापळ्यात हा दिसला आणि जिवात जीव आला. हाच असणार ना? तू बघ आणि सांग.

भाची : आई गेल्यावर माझं म्हणायला तू एकटी आहेस, एवढं तरी आठवायचंस. टॉवेल टाक त्याच्यावर. तू नको धरूस, बाजूला हो. कान बघू दे.

(भाची हातमोजे घालून बोक्याचा डावा कान चाचपते.)

आत्या : खपली असेल ना?

भाची : थांब.

आत्या : नऊ दिवसांत खपली पडूनही गेली असेल.

भाची : कडेला केस आलेत, आत्या.

आत्या : लवकर भरलं म्हणजे. बोका तरणा आहे.

भाची : पुरते आलेत. हे टोक मी वर्षापूर्वी कापलंय.

आत्या : नीट बघ ना. उजेडात घे जरा.

भाची : उजेडातच आहे.

आत्या : मग तो कुठे आहे?

भाची : पिंजरा राहू दे इथे. दवाखान्याला कुलूप लावते. मोठ्या हॉस्पिटलात जायचंय, आत्ता, आणि तिथे सगळं खरं सांगायचंय. सेक्रेटरीला मी बघते.

आत्या : उशीर झाला का गं?

भाची : चल.

आत्या : ठमे, एकदा नाही म्हण ना.

भाची : चपला उलट्या घातल्यास. थांब, वाकू नकोस. मी सरळ करते.