किल्ल्यातलं बटन

रहीमभाई शिंप्याइतका हट्टी माणूस मी वाशिमात दुसरा पाह्यला नाही. त्याच्या दुकानात आमी जमिनीवर खडूनं नकाशा काढून लढाई खेळायचो. कोटाचं बटन म्हंजे हजार शिपाई, सदऱ्याचं म्हंजे शंभर. किल्ल्यात हजार नसले तं किल्ला पडला, हा त्याचाच नियम.

एक दिवस मी त्याच्या किल्ल्याले वेढा घातला, अन् आमचा खेळ रोज पाहनारा गल्लीतला नवरदेव शेरवानी न्यायले आला.

"एक बटन कमी हाय!"

"ते किल्ल्यात हाय. नाही भेटनार."

"अन् माह्या निकाहाचं काय? त्याच्या जागी सदऱ्याचे दहा ठेवा ना!"

रहीमभाईनं डबा उपडा केला. नऊच निघाले. त्यानं कैची उचलली अन् माह्या सदऱ्याकडे पाह्यलं.

"अरे, मी तुहा दुश्मन हाव!"

निकाहाचा पुलाव मी एका हातानं सदरा धरून खाल्ला. किल्ला काही पडला नाही.