दगडातला भाडेकरू

सून: बाबा, हात आधी बाहेर काढा. काढा म्हणते ना!

सासरे: अगं, नुसतं बोट लावून बघत होतो, पाणी कोमट आहे का गार.

सून: मागच्या महिन्यातही नुसतंच बघत होतात. मी ऑफिसातून येते तर काय, माशांच्या टाकीतला अख्खा दगड पांढराफटक!

सासरे: आता सगळी हयात लोकांच्या दातांवरचं कीटण काढण्यात गेली. दगडावर जांभळा थर दिसला, हात शिवशिवले. तो थर जिवंत असतो हे मला काय स्वप्न पडलं होतं?

सून: वर्षभर वाढवलं होतं मी ते जांभळं. त्याच्यासाठीच तर लोक जिवंत दगड घेतात. समुद्रातून उचललेला असतो, त्याच्या भोकांत, फटींत जे दडलेलं असेल ते सगळं आपल्या घरी येतं.

सासरे: आणि त्यातलंच कुणीतरी आता टकटक करत बसलंय.

सून: टकटक कसली, काच तडकल्यासारखा आवाज येतो. तो सुरू झाला आणि माझं हळकुंड बेपत्ता झालं.

सासरे: तो पिवळा मासा ना? अगं, बोटाएवढा जीव, बसला असेल कुठेतरी रुसून.

सून: इतके दिवस? खाणं टाकलं की सगळ्यांच्या आधी धावायचं ते. गेलं, बाबा. आणि कोणी खाल्लं तेही मला कळलंय. मँटिस म्हणून एक प्राणी असतो, दिसायला कोळंबीसारखा. दोन्ही हात छातीशी दुमडून बसतो आणि असा ठोसा मारतो की शिंपले फुटतात. माशाची काय कथा!

सासरे: म्हणून ही बादली भरून ठेवलीस होय?

सून: नळाचं पाणी आहे. दगड यात बुडवायचा. या जिवांना गोडं पाणी सोसत नाही, आतलं सगळं मरतं.

सासरे: सगळं?

सून: सगळं. ते पिसांचे पंखे उघडमीट करणारे किडे, तो लाल स्पंज, तुमच्या घासण्यातून जे काय वाचलंय ते. पण नाही बुडवला तर उरलेले दोन मासेही जातील. तुमच्या लेकाने सकाळीच सांगितलंय, रडत बसू नकोस, बुडव आणि मोकळी हो.

सासरे: त्याला काय जातंय सांगायला! दुधाचा दात हलायला लागला की पलंगाखाली लपून बसायचा तो. हे बघ, न बघता दात उपटायचा नसतो. मी माझा तोंडात घालायचा आरसा आणलाय.

सून: तो अजून आहे तुमच्याकडे?

सासरे: दवाखाना विकला, आरसा थोडाच विकला.

सून: नको, बाबा. बोट फोडेल तो. आणि त्यात तुमचा हात...

सासरे: थरथरतो. बोल की, लाजतेस कशाला? पण करंगळी शेजारच्या दातावर टेकली की हलत नाही. इथे दगडावर टेकतो. हातमोजा दे एखादा.

सून: भांडी घासायचे रबरी आहेत, नवे कोरे, साबण लागलेला नाही. आणि हे बघा, कुठेही खरवडायचं नाही.

सासरे: नाही गं बाई, नाही.

(पडदे ओढलेले. सासरे हातमोजा चढवून स्टुलावर उभे. सून टॉर्चला लाल कागद गुंडाळून पाण्यावर धरते.)

सासरे: हा लाल कागद कशाला?

सून: लाल उजेड या मंडळींना फारसा दिसत नाही, बिचकत नाहीत. काय दिसतंय?

सासरे: वरची डावी दाढ... म्हणजे फट. अगं, गोम आहे इथे! दोन्ही बाजूंना नुसते केसच केस.

सून: तो काटेरी किडा. गरीब आहे बिचारा, उष्टंखरकटं खाऊन राहतो. हात तेवढा लावू नका, केस बोटात मोडतात. पुढे?

सासरे: एक काचेसारखं फूल आहे. काय नाजूक आहे गं!

सून: नाजूक? फूल कसलं, डंख मारणारा प्राणी आहे तो, उपटसुंभ मेला! तुकडा राहिला तरी पुन्हा वाढतो. त्याच्याकडे मी नंतर बघते. तुम्ही खालचं मोठं भोक बघा, आवाज तिथूनच येतो.

सासरे: बरंच खोल किडलंय. टॉर्च जरा खाली घे. अजून. हं, आ करा, मोठा आ...

सून: बाबा, दगड आहे तो.

सासरे: सवय गं. थांब. आहे, कोणीतरी आहे.

सून: हात कसे आहेत? छातीशी दुमडलेत का? नीट बघा, बाबा, यावरच सगळं आहे.

सासरे: मला घाई करू नकोस. एक हात अंगाच्या निम्मा, चांगला दांडगा. दुसरा काडीसारखा.

सून: एकच मोठा? दोन्ही सारखे नाहीत? नक्की?

सासरे: सुळ्यातला आणि दाढेतला फरक कळतो मला!

सून: डोळे बाहेर आलेत? गरगर फिरतात?

सासरे: छे. दोन ठिपके आहेत नुसते. मिशा मात्र लांबलचक. आई गं!

सून: काय झालं? बोट?

सासरे: बोट शाबूत आहे. आरशावर फटका दिला. ऐकलास ना आवाज?

सून: ऐकला! अहो बाबा, हा मँटिस नाहीच! ही पिस्तूल कोळंबी. मोठी नांगी फटकन मिटते, त्याचा हा आवाज. पण... ही एवढा मासा खात नाही. मग माझं हळकुंड गेलं कुठे?

सासरे: सूनबाई, हिच्या शेजारी बोटाएवढं काहीतरी आहे.

सून: शेपटी उरलीय का?

सासरे: शेपटी आहे, डोळे आहेत, आणि माझ्याकडे बघून तोंड वेंगाडतंय.

सून: जिवंत आहे?

सासरे: जिवंत म्हणजे काय, चांगलं गुबगुबीत झालंय!

सून: सरका, सरका, मला बघू द्या. आरसा हलवू नका. अगं बाई गं... इथे बसलंस होय रे, सोन्या? जीव काढलास माझा!

सासरे: टॉर्च सांभाळ, पाण्यात पडेल. रड, खुशाल रड. पण ही जोडी जमली कशी?

सून: मी नुसतं वाचलं होतं. कोळंबी बीळ खणते, पण तिला धड दिसत नाही. म्हणून मासा दारात राखण करतो आणि ती मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते. त्याने शेपटी हलवली की दोघं आत. आपल्या घरात असं होईल असं कधी मनातही आलं नव्हतं.

सासरे: ते बघ, टेकलीय मिशी. आणि या दोघांना आपण बादलीत घालायला निघालो होतो.

सून: मी निघाले होते. तुम्ही नाही.

सासरे: मी तर आधीच तुझं वर्षभराचं जांभळं खरवडून बसलोय. तोंड दाखवायला लाज वाटत होती मला.

सून: येतंय ते परत. मागच्या बाजूला ठिपके धरायला लागलेत, परवाच बघितले.

सासरे: खरंच? मग सांगितलं नाहीस ते!

सून: रागावले होते ना. बरं, ऐका. उद्यापासून यांचं दुपारचं खाणं तुम्ही घाला.

सासरे: मी? मला तर काचेला हात लावायची बंदी आहे.

सून: काचेला नाहीच लावायचा. फक्त खाणं, तेही चिमूटभर. आणि चिमूट माझी, तुमची नव्हे.

सासरे: दाखव बरं, केवढी असते तुझी चिमूट.