उजवीकडची पदकं

अँझॅक डेची, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाची, पहाटेची मानवंदना संपली आणि रोवेना रम घातलेल्या कॉफीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. संरक्षणमंत्री होऊन तिला अकरा दिवस झाले होते. टोपी कानांवर ओढलेली, उजव्या छातीवर आजोबांची पदकं. पुढच्या दोघा म्हाताऱ्यांनी तिला ओळखलं नाही.

“नव्या मंत्रीणबाईंनी म्हणे उभ्या आयुष्यात बंदूक धरली नाही.”

“तू बावीस वर्षं लष्करात काय धरलंस, क्लेम? कालथा!”

“कालथा तर कालथा. पण लष्कर कशाशी खातात ते मला ठाऊक आहे.”

“मग पदकं उजवीकडे कशी? उजवीकडे मेलेल्या नातेवाइकांची लावतात. लोकांना वाटेल, तू गेलास.”

“अरे, आरशात बघून लावली.”

“आणि म्हणे अनुभवी माणूस मंत्री हवा!”

“मी नव्हे रे बाबा! मी मंत्री झालो, तर शत्रू नाश्त्यालाच येऊन बसेल. पण सोमवारी नात नौदलाच्या जहाजावर चाललीय, मर्व. वरती कुणीतरी जाणतं नको?”

“आपल्याला युद्धावर धाडणारा मंत्री कर्नल होता. त्यानं कुणाला काही विचारलं?”

“तो कशाला विचारतोय! त्याला सगळंच माहीत होतं.”

क्लेमनं उजवीकडची पदकं कशीबशी सोडवली. मग क्लेम मागे वळला.

“बाई, एवढी पदकं डावीकडे लावून देता? हात थरथरतात माझे.”

“देते. पण कुठलं आधी, कुठलं नंतर, ते सांगा हं. मला यातलं काही कळत नाही.”

“ऐकलंस, मर्व? अशी पाहिजे मंत्रीण!”

पिन रोवेनाच्या बोटात घुसली.