जेडसाठी मुरूम

आमच्या वडिलांना, आबांना, नमतं घेताना मी एकदाच पाहिलं, तेही एका कुंडीपायी.

माझ्या पोरीनं पुण्याला जाताना तिचं जेडचं बोन्साय आजोबांवर सोपवलं. आबांनी हौसेनं कुंडी बदलली आणि शेतातली काळी माती भरली. ती पाणी धरून बसली, आठ दिवसांत खोड सडलं. एक फांदी वाचली. पोरगी फोनवर म्हणाली, "आबा, हिला मुरमात लावा."

मुरूम होता काकांच्या रानात. वाटणीत काळं रान आबांनी स्वतःला ठेवलं, तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. तरी आबा माझ्याबरोबर चारठाण्याला जाऊन काकांच्या दारात उभे राहिले.

"मूठभर मुरूम दे."

काका म्हणाले, "मुरमात काय बी येत न्हाई, दादा. म्हनून तर मला दिलंत."

रिकामी पिशवी तशीच धरून आबा म्हणाले, "माझं चुकलं."