तेल तापेपर्यंत

नाही नाही, इंजिन बंद करू नका, चालूच राहू द्या — आणि त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय सरकतो, स्टुलावर बसा, पुसलंय मी. बसा म्हणते ना. जावयाला दारात उभं ठेवलं असं व्हायला नको, एवढी रीत अजून शिल्लक आहे माझ्यात. तर काय सांगत होतात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागून कुणी लाथ घातल्यासारखी होते? आणि सिग्नलला थांबून परत निघालं की आधी काहीच नाही, मग धाडकन? ते तुम्ही सांगायच्या आधीच कळलं मला. कोपऱ्यावर वळलात तेव्हाच. मी दुसऱ्याच गाडीखाली होते, म्हटलं ही कोण उचक्या देत येतेय — बाहेर डोकं काढते तर निळी! दोन वर्षं झाली ही गाडी या दारात आली नाही. दोन वर्षं आणि वर दोन महिने. मुद्दाम लक्षात ठेवलं नाही हो, राहतं आपलं लक्षात.

हा बघा स्कॅनर. तुम्ही गणिताचे मास्तर, आकडे तरी कळतील. हे गिअरबॉक्सचं तेल — बत्तीस. थंडगार. साठ झाल्याशिवाय मी काही करणार नाही, आणि उभ्या गाडीत तेल सावकाश तापतं, म्हणजे तोवर तुम्हाला माझी बडबड ऐकावी लागणार, इलाज नाही. कंट्रोलची डबी बदललीत ना? कधी? तीन आठवडे. बाहेरची टाकली, कंपनीची नाही — बरं. कुणाकडून? त्या पुलाखालच्याकडून? अहो, दहा वर्षांपूर्वी तो काचा पुसायचा! जाऊ दे, काचा पुसणारा शिकू नये असं कुठे लिहिलंय, मी तरी काय कॉलेजात गेले होते? चौथीनंतर शाळा सुटली, इंग्रजी अक्षरं मी सुट्या भागांच्या खोक्यांवरून शिकले — पण जरा दुखलं मला. दोन गल्ल्या अलीकडे आई बसलीय, आणि गाडी पुलाखाली.

डबी चांगली आहे, बरं का. बाहेरची म्हणजे वाईटच, असं मी पूर्वी म्हणायचे, आता नाही म्हणत. प्लग घट्ट, रबर नवं, एकही चूक दाखवत नाही. मग धक्का का? सांगते. आत क्लचच्या चकत्या असतात, तेलाच्या दाबाने एकमेकींवर बसतात. किती दाब, किती वेळ, ते डबी ठरवते. आता गाडी नऊ वर्षांची, चकत्या झिजलेल्या. जुन्या डबीला ते सगळं माहीत होतं — ही उशिरा बसते, हिला आधी थोडं तेल पाजावं, मग हळूच दाबावं. नऊ वर्षांचा संसार तो! नवी डबी म्हणजे नवी नवरी, घरात कुणाचं काय दुखतं तिला काय ठाऊक? पुस्तकात लिहिलाय तेवढा दाब ती देणार, आणि चकती खाड्कन बसणार. तिला शिकवावं लागतं. हत्यारांनी नाही — चालवून. तेल गरम करायचं, आधीचं सगळं पुसायचं, आणि मोकळ्या रस्त्यावर हलक्या पायाने चाळीस-पन्नास किलोमीटर. खालून वर, ब्रेक न दाबता वरून खाली, परत वर. दर खेपेला ती बघते, इथे उशीर झाला, इथे घाई झाली, आणि आपली आपण सुधारते. एवढंच. पण तेल थंड असेल तर ढिम्म शिकत नाही. पुलाखालचा काय म्हणाला? 'चालवत राहा, आपोआप बसेल'? वाटलंच मला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आपोआप का बसलं नाही, तेही दाखवते. तेल जास्तीत जास्त किती तापलं ते इथे लिहिलेलं राहतं — एक्केचाळीस. तीन आठवड्यांत एकदाही त्यावर गेलेलं नाही! ही काय चालवायची तऱ्हा झाली, मास्तर? जाता तरी कुठे? शाळा तर तुमची हाकेच्या अंतरावर. — किती? नऊ मिनिटं. नऊ मिनिटं जायचं, थांबायचं, नऊ मिनिटं परत. रोज? शनिवार-रविवार सोडून. हं. म्हणजे पोरीला नोकरी लागली वाटतं कुठे, तुम्ही सोडायला जाता. लागली असेल. लागायलाच पाहिजे. तिच्यासारखा हात या शहरात दुसरा नाही, हे मी म्हणते — आई म्हणून नाही, कारागीर म्हणून.

सदतीस झालं. चहा घेता? नको? बरं.

तिने तुम्हाला माझ्याबद्दल काय सांगितलंय मला माहीत नाही. जे सांगितलं असेल ते खरंच असेल, तिला खोटं बोलता येत नाही, लहानपणी मार खायची पण खोटं नाही. त्या वकिलाच्या गाडीचं सांगितलं? नाही? बघा. दोन वर्षं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही! मग मीच सांगते, नाहीतरी तेल तापतंय. एक वकील होते, पांढरी गाडी. डबी गेली होती, पोरीने नवी टाकली, हीच असली बाहेरची. दोन तासांत वकील परत, धक्के बसतात म्हणून. पोर म्हणाली, आई, काही बिघडलेलं नाही, मला अर्धा दिवस गाडी दे, चालवून आणते. आणि मी — मला तेव्हा हे शिकवणं-बिकवणं काही माहीत नव्हतं, मास्तर. मी कानाने गाडी ओळखणारी बाई. मला वाटलं, आतलं काहीतरी हिने उलटं बसवलंय आणि आता वेळ काढतेय. वकिलासमोर, हाताखालच्या दोघांसमोर म्हटलं, तुझ्याने होत नसेल तर बाजूला हो, स्कॅनरच्या काचेवर बोटं फिरवून गिअरबॉक्स दुरुस्त होत नसतो. आणि उतरवला की मी गिअरबॉक्स! दोन दिवस. एकेक चकती काढून चादरीवर मांडली, धुतली, मोजली. सगळं शाबूत. चांगल्या माणसाचं पोट फाडून बघावं तसं झालं. परत बसवला. मनात ओशाळले होते, म्हणून तपासायला लांब घेऊन गेले, रिकाम्या रस्त्याने, अगदी हलक्या पायाने, पार गावाबाहेर जाऊन वळले — आणि येताना धक्का गायब! लोण्यासारखी! आता तुम्हाला कळलं ना का गायब झाला? पोर सांगत होती तेच मी नकळत केलं. पण मी काय समजले — माझ्या हाताचा गुण. आणि वकिलांना म्हणाले — पोर तिथे उभी होती, हातात स्क्रूंची ताटली — म्हणाले, पोरीची चूक होती, मी निस्तरली.

ताटली तिने खाली ठेवली, आपटली नाही. हात पुसले. एप्रन खिळ्याला अडकवला. तो बघा, तिथेच आहे. मी धुऊन परत तिथेच टांगते.

कळलं कधी? आठ महिन्यांनी. तसलीच एक गाडी आली, दोन दिवस डोकं फोडलं, मग कंपनीचं जाडजूड पुस्तक घेऊन बसले, एकेका शब्दाला डिक्शनरी. तिसऱ्या दिवशी ते पान आलं. सगळं लिहिलेलं, तेल किती गरम, पाय किती हलका. पोर म्हणाली होती अगदी तसंच. मी पान मिटलं आणि जेवले नाही त्या दिवशी. फोन हातात घेतला, ठेवला. परत घेतला. काय बोलणार? 'तुझं बरोबर होतं' — तीन शब्द, मास्तर! जिभेवर येऊन बसायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही. मग म्हटलं, येईल तीच. पोटची पोर, कुठे जाणार? आणि ही अशी वाट बघायची खोड लागली की दिवस कसे जातात कळत नाही.

पन्नास. सरका जरा, मी आत बसते, ब्रेक दाबून गिअर टाकून बघू, कुठल्या चकतीचा जास्त त्रास — अगंबाई, सीट केवढी मागे! माझा पाय पोचत नाही, आणि पुढेही सरकत नाही, जाम झालीय, कित्येक महिने कुणी हलवलेली नाही. तिचाही पोचायचा नाही, माझ्याएवढीच आहे ती. म्हणजे ती चालवतच नाही? नऊ मिनिटांसाठी सुद्धा तुम्ही? अहो, तिला तर दुसऱ्याने चालवलेलं सहन होत नाही, बापाच्या गाडीतसुद्धा पुढे बसून 'आता टाका गिअर, आता टाका' करायची — आणि मागे हे काय? उशा. चादर. दोन्ही बाजूंना उशा कशाला लावल्यात? आणि ते भांडं —

मास्तर.

इकडे बघा. खाली काय बघता, इकडे बघा. नऊ मिनिटांवर काय आहे? नाही, थांबा, बोलू नका — माझ्या लक्षात येतंय. शनिवार-रविवार सोडून रोज. माझी जाऊ अशीच जायची, आठवड्याचे पाच दिवस, किरणांच्या मशीनखाली झोपवायचे तिला, पाच-सात मिनिटांचं काम, मग घरी. नऊ मिनिटांवर ते आहे. तेच आहे ना? — मान नका हलवू, तोंडाने सांगा. कुठे? — कंबरेच्या हाडात. तिथून सुरू झालं की तिथे पोचलं? — हं. — पोचलं. किती दिवस? सात महिने. सात महिने मी इथे दोन गल्ल्यांवर लोकांच्या गाड्यांचे आवाज ऐकत बसले. लोक म्हणतात बाईला कोपऱ्यावरून दुखणं ऐकू येतं! सात महिने! आणि तुम्हाला माझं दार — नाही. तुम्हाला नाही बोलत. तिने शपथ घातली असेल. घातलीच असेल, मी असते तर मीही घातली असती.

धक्का बसला की ओरडते का ती? — नाही ओरडत. मग? चादर धरते. हो. माझीच आहे. बाळंतपणात मीही आवाज केला नव्हता, सुईणीला वाटलं बाई गेली.

आणि तिला ठाऊक असणार, काय करायला हवं ते. मागे पडल्या पडल्या दर गिअरला कळत असणार — हिला शिकवलेलं नाही, तेल थंड आहे. नवऱ्याला का नाही सांगितलं तिने? — सांगितलं? काय म्हणाली? — 'आता एवढ्यासाठी चाळीस किलोमीटर कुठे फिरत बसता, थोडेच दिवस राहिलेत.' असं म्हणाली? 'थोडेच दिवस' म्हणजे मशीनचे ना? मशीनचेच म्हणाली ना ती? — बरं. नका सांगू.

म्हणजे तिने पाठवलं नाही तुम्हाला. तुम्ही आपले आलात. ती घरी झोपलीय आणि तुम्ही आलात. चांगलं केलंत, जावईबापू. मी तुम्हाला लग्नात नावं ठेवली होती, खडूने पोट भरणारा म्हणून, ते मागे घेते. हे शब्द बघा कसे निघाले पटकन. ते तीन शब्द दीड वर्षात निघाले नाहीत आणि हे आपले निघाले.

मी आता उठून यायला पाहिजे, नाही का? आले तर ती काय करेल माहीत आहे? उठून बसेल. आईसमोर पडून राहणार नाही ती. उठून बसेल आणि तिला दुखेल. म्हणून तिने बोलावल्याशिवाय मी येणार नाही — तुम्ही काही सुचवायचं नाही तिला, सांगून ठेवते. गाडी पुलाखालच्याने नीट केली म्हणा. त्याचं नाव होऊ दे. आणि तिने विचारलं — विचारणारच, सवय आहे — की त्याने गिअरबॉक्स उघडला का, तर सांगा, नाही. उघडला नाही, तेल गरम केलं आणि नुसती चालवली. एवढंच सांगा, शब्द बदलू नका. मग ती काय म्हणाली ते मला येऊन सांगू नका. काहीच नाही म्हणाली तरी सांगू नका.

साठ. पुसलं मी आधीचं सगळं. उठा, तुम्ही बसा चालवायला. नाही, मी नाही चालवत, माझा पाय कुठे पोचतोय. आणि डबीला चालवणाऱ्याशी देणंघेणं नाही, तिला चकत्या शिकायच्यात, पाय हलका असला की झालं. बूट काढा. काढा हो, अनवाणी पायाला जास्त कळतं. सरळ पाण्याच्या टाकीच्या रस्त्याने बाहेर पडायचं, गाड्या नसतात तिकडे. पाय असा ठेवायचा जसा झोपलेल्या पोराच्या पाठीवर हात. थांबायचं असेल तर लांबूनच पाय काढून घ्यायचा, गाडी आपली आपण उतरू द्यायची. कुणी मागून हॉर्न वाजवला तर वाजवू दे त्याच्या बापाला.

नाही, पुढे नाही बसत मी. मी मागे आडवी पडते. ती पडते तशीच. पुढे बसून काय कळणार, धक्का कंबरेला कळतो. कुठल्या कुशीवर झोपते? डाव्या? — ती उशी जरा बाजूला करा, ती तिची, माझे कपडे तेलकट आहेत. बस. दार लावून घ्या. दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी गेली ते मला कळलं नाही पाहिजे, तोवर घरी न्यायची नाही, मग चाळीसचे ऐंशी होऊ देत. आणि माझ्याशी बोलू नका आता. मीही बोलणार नाही. मला ऐकायचंय. चला —