रेश्माच्या नावाची पिशवी

नाही, नाही, बसा तुम्ही, सरोजिनी मावशी, आता आलाच आहात तर बसा — चहा टाकलाय — पण आधी माझं ऐकून घ्या. डोळे लाल दिसतायत म्हणता ना? दिसणारच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आमच्या आराधनाला ताप नाही, नवऱ्याशी भांडण नाही — म्हणजे झालं थोडं, ते नंतर — झोप उडाली ती एकाच गोष्टीनं, की सकाळी नळाला पाणी आलं की रेश्मा कळशी घेऊन येणार, मी बादली घेऊन जाणार, आणि मी तिच्याकडं बघायचं कुठल्या तोंडानं? सांगा ना. भिंतीला भिंत आहे आमची. तिच्याकडं फोडणी टाकली की आमच्याकडं ठसका लागतो. मग काय केलं मी? पाणीच भरलं नाही आज. ती जाईपर्यंत पडद्यामागं उभी राहिले. एवढी बीएड झालेली बाई, दर रविवारी संडे स्कूलला मुलांना ‘घाबरू नका’ शिकवते, आणि स्वतः पडद्यामागं! हसू नका. बरं, हसा. मलाही आलं हसू, मग लगेच रडू आलं.

कालचं तुम्ही विसरला नसालच, पिशवी तुमच्याच हातात होती. आणि ती शिवली कुणी? मी. आपल्या महिला मंडळाच्या नाताळच्या सगळ्या पिशव्या दरवर्षी मीच शिवते, लाल कापड, दोन बंद, आत पीठ, रवा, साखर, तेल, डाळ — पण ह्या एका पिशवीचे बंद मी हिरवे लावले. मुद्दाम. कळावं म्हणून. त्यात एक निळा स्वेटर घातला, आराधनाचा लहानपणीचा उसवला आणि त्याच लोकरीचा रेश्माच्या रामसाठी नवा विणला, तीन वर्षांचं पोर आहे, सकाळी नुसत्या बनियनवर दारात बसतं. तेव्हा चूक झाली, पिशव्यांची अदलाबदल झाली, असलं मला सांगूच नका. ती रेश्माची होती. तुम्हाला माहीत होतं. बैठकीत मी उठून बोलले होते की नव्हते? म्हटलं, हिचा नवरा शिर्डीला हॉटेलात कामाला म्हणून गेला तो परत फिरकला नाही, ही मेसमध्ये पोळ्या लाटते, मनगट सुजलंय तिचं, तरी कुणापुढं हात पसरत नाही. तेव्हा मागून कुणीतरी — मी नाव घेत नाही, आवाज मला ओळखू येतो — कुणीतरी म्हणालंच, “पण त्या आपल्यातल्या नाहीत ना?” आणि तुम्ही, सरोजिनी मावशी, तुम्ही काय म्हणालात? “दया बरोबर बोलतेय, देवाच्या प्रेमाला आपलं-परकं नसतं.” मला इतकं भरून आलं त्या दिवशी! घरी येऊन नोहाला सांगितलं. म्हटलं, आपलं मंडळ म्हणजे मंडळ आहे.

आणि काल?

काय? नाही, थांबा, तुम्ही मधे बोलू नका, एकदा थांबले तर मला पुन्हा जमायचं नाही. काल दुपारी मी स्वतः रेश्माला सांगितलं, संध्याकाळी कुठं जाऊ नकोस, आमचे चर्चचे लोक गाणी म्हणत येतील. का सांगितलं असेल मी? तोंडाला कुलूप म्हणून नाही मला! बिचारीनं अंगण झाडलं, सडा टाकला, रांगोळी काढली — आमची आराधना तिच्या डोक्यावर बसली, आम्ही नाताळात चांदणी लावतो म्हणून — तर तिनं रांगोळीत चांदणी काढली. संध्याकाळी तुम्ही सगळे आलात, ढोलकी, गिटार, शलमोनकाकांचा तो बसलेला आवाज. मी खिडकीतून बघत होते. तिच्या दारापुढं थांबलात. गाणं झालं. तुम्ही पुढं झालात, पिशवी पुढं केलीत. दोघी काहीतरी बोललात. मला ऐकू येईना, तो ढोलकीवाला पोरगा थांबतच नव्हता. मी मनात म्हणतेय, घे, घे बाई. आणि बघते तर काय — पिशवी पुन्हा तुमच्या हातात! तिच्या चौकटीवरच्या गणपतीकडं बघितलंत का? नाही, सांगा मला. गणपती दिसला म्हणून? आणि तिच्याच चांदणीवर पाय देत सगळे वळलात ते थेट आमच्या दारात. “मेरी ख्रिसमस, दया!” आणि ते हिरवे बंद माझ्याच नाकासमोर.

रेश्मा उभी होती दारात. हसत होती. हसत! आणि वर मला म्हणते, “घ्या की ताई.” अपमान गिळताना माणूस असंच हसतं, मावशी. मी ओळखते ते हसू. मी — बरं, ते जाऊ द्या.

मला राग कशाचा येतो सांगू? आपल्या खापरपणज्यांना दुष्काळात मिशनच्या ज्या लोकांनी पेज पाजली, त्यांनी आधी विचारलं होतं का, तुझ्या चौकटीवर कोण आहे? माझी आजी सांगायची, खापरपणजीला शुद्ध नव्हती, तोंडाला वाटी लावली तेव्हा तिला कुठला देव न् कुठली माणसं, काही ठाऊक नव्हतं. त्या एका वाटीवर उभे आहोत आपण. मिशनची शाळा, माझं बीएड, तुमच्या मुलाची नोकरी, चर्चचा नवा साऊंड, सगळं त्या वाटीवर. ती वाटी आपल्याजवळ ठेवायला मिळाली का? पुढं द्यायला मिळाली! हे मी पोरांना शिकवते. आराधना पाठ म्हणून दाखवते. आणि आपण काय करतो? वाटी आपल्या आपल्यात फिरवतो. आज तुझ्या ओठाला, उद्या माझ्या ओठाला. दार लावून!

घ्या, चहा घ्या. गोड झालाय का? जास्त झालाय? मला अंदाज येत नाही हल्ली — म्हणजे — काय बघताय कपात?

हो. त्याच पिशवीतली साखर आहे. बघा, आता कळलंच. सकाळी डबा उघडला, तळाला चमचा खरवडत बसले, पोरीला दूध बिनसाखरेचं जात नाही, म्हटलं चमचाभर काढावी, मग पुडा बांधून ठेवावा. मग तुम्ही येताना दिसलात. आता एवढ्या मोठ्या मंडळाच्या अध्यक्षबाईंना फिका चहा कसा द्यायचा? मला इतकी लाज वाटली — तुमची साखर तुम्हालाच पाजतेय! नाही, तुमची नाही. रेश्माची. तेच तर. रेश्माच्या पोराची साखर आपण दोघी पितोय इथं बसून.

डोळ्यात पाणी आणू नका, मला ते चालत नाही. मला कीव नको आहे. आमच्याकडं काही कमी नाही. नोहा कामावर — नोहा बाहेर गेलाय. येईल. अहो, कुणी सांगितलं तुम्हाला? कुणीच नाही ना? कुणाला माहीतच नाही! दिवाळीपासून कंपनीची बस केडगावच्या चौकात येते आणि तो तिच्यात चढत नाही, एवढंच. कंत्राट संपलं, नवीन होईल. तोवर तो रोज डबा घेऊन निघतो, गल्लीला दिसावं म्हणून. मीच भरून देते. आणि काल त्यानं काय केलं? मी म्हणत होते, मावशी, चूक झालीये, ही शेजारची आहे — आणि तेवढ्यात ह्यानं हात पुढं केला! दोन्ही हात! “थँक्यू मावशी” म्हणाला. माझ्या मागून! रात्री तेच भांडण. म्हटलं, घेतलीस कशी? तर म्हणतो, “दया, तुला फक्त द्यायलाच आवडतं.” हे बोलणं झालं का? द्यायला आवडणं हा गुन्हा आहे का? वर म्हणतो, “घेणारा नसेल तर तुझी पिशवी जाणार कुठं?” झोपला लगेच. पुरुषांना बरं जमतं, वाक्य टाकून झोपायचं. मी बसले आढ्याकडं बघत. आराधना मधेच उठली, विचारते, मम्मी, आपल्याला पण पिशवी मिळाली, मग आपण कोण झालो? झोप, म्हटलं.

तर उत्तर आज सकाळी दिलंय. तुम्ही गल्लीत वळताना दिसलात ना, तेव्हाच पोरीच्या हाती पिशवी दिली, साखरेच्या पुड्याला रबर लावून. मागच्या दारानं धाडली. म्हटलं, रेश्मा मावशीला दे, सांग, काल चुकून आमच्याकडं आली, तुमचीच आहे. हो, मी स्वतः नाही गेले. पडद्याची सवय लागलीये मला. पण दिली. पूर्ण दिली, पिठाला हात लावलेला नाही — ओट्यावर परात काढून ठेवली होती, ती पुन्हा वर ठेवली. आणि तुम्हाला सांगते, ती दिली तेव्हा पहिल्यांदा मोकळा श्वास आला. मी देणारी आहे. आम्ही देणारे आहोत. आपलं मंडळ दारावरचा देव बघून द्यायचं ठरवत असेल, तर पुढच्या वर्षी पिशव्या दुसऱ्या कुणाकडून शिवून घ्या. माझं मशीन बंद.

मावशी, मघापासून तोंड उघडताय, मिटताय. हो, मीच बोलू देत नाहीये, कबूल, पण आता देते ना. बोला. एकच सांगा. रेश्माच्या दारात नेमकं काय झालं काल? का नाही दिलीत तिला?



कुणाला शब्द दिलाय? कसला शब्द? सांगायचं नाही असं कुणी —

थांबा, कडी वाजली. आराधना, आलीस का गं? अगं, पिशवी परत का आणलीस? दिली नाहीस? मावशी घरी नव्हती का? काय म्हणाली ती? नीट सांग, रडू नको, मी तुला रागवत नाहीये.

“मम्मी, रेश्मा मावशी घेतच नाही. ती म्हणाली, काल मीच ह्या आजींना सांगून तुमच्याकडं पाठवली ना, मग सारखी सारखी परत काय पाठवता? स्वेटर तेवढा घेतला तिनं. रामला घातला. त्याला बरोबर बसला.”