तीस मीटर, जोडांसकट

नाही हो, ती डिशची केबल आहे — ठेवा ती खाली. वायरलेसच्या सेटला लावायचीय म्हणालात ना, खाणीवर? मग घरातला टीव्ही डोक्यातून काढा आधी. कोणी सांगितलं ही चालते म्हणून? मोबाईलवरच्या व्हिडिओत? वा. चोवीस वर्षं नवी पेठेत या एवढ्याशा दुकानात बसलोय, अक्कलकोटपासून बार्शीपर्यंत कुणाही वायरलेसवाल्याला विचारा, चांदसाबचं दुकान म्हटलं की झोपेत पत्ता सांगेल — आणि मला आता तो व्हिडिओवाला शिकवणार. पांढरं टेबल, हातात मोजे, मागं गाणं. त्याला म्हणावं, मे महिन्यात दुपारी सोलापूरच्या पत्र्यावर चढ, आणि मग बोल.

पन्नास ओहम, पंचाहत्तर ओहम — हो, हो, पाठ केलंत, शाबास. सेट पन्नासचा, डिशची केबल पंचाहत्तरची, त्यामुळं थोडी ताकद वाटेतनं माघारी फिरते. त्यानं काही कुणी मरत नाही. खरा रोग जोडात असतो साहेब, जिथं केबल संपते आणि कनेक्टर सुरू होतो तिथं. थांबा, सोलून दाखवतो — बघा, ही जाळी. ॲल्युमिनियम. माझं बोट दिसतंय ना पलीकडनं? ही कसली जाळी, ही मच्छरदाणी, तीसुद्धा फाटकी. याला सोल्डर धरत नाही. मग लोक काय करतात — पिळतात, कोंबतात आणि वरनं पक्कडीनं दाबतात. वारा सुटला की जोड हलतो, जोड हलला की सेटमध्ये खरखर, आणि ऑफिसातला माणूस म्हणतो, आज हवाच खराब आहे. हवा! हवेनं काय घोडं मारलंय तुमचं?

ती बारीक? ती खरी वायरलेसची आहे, पण ती जीपमध्ये बसवायला, चार-पाच मीटर. तुमचा खांब तीस मीटर. सेटनं पंचवीस वॅट सोडले तर वर अँटेनाला सहा-सात पोचतील, बाकीचे ही केबलच गिळून बसणार. ही घ्या, जाड. हिच्यातनं तेरा-चौदा तरी पोचतात. महाग आहे, असणारच की — तांबं आहे, कडबा नाही. आणि दोन्ही टोकांचे जोड मी इथंच सोल्डर करून देणार, तुमच्या वायरमनच्या हातात सुटे देणार नाही. तो सोनेरी कनेक्टर राहू द्या, तो नुसता रंग आहे, नवरदेवाच्या अंगठीसारखा.

घाई आहे? का? उद्या सुरुंग उडवायचेत? उद्या! म्हणजे आज कुणीतरी खांबावर चढणार, काळी चिकटपट्टी गुंडाळणार, खाली येऊन हॅलो हॅलो करणार — आवाज आला, झालं काम, चहा पाजा. अगदी असलाच एक शहाणा होता बघा. खाण कुठली ते सोडा, ती आता बंद आहे. मोठा कारागीर म्हणवून घ्यायचा. जाड केबल संपली होती, नवीन माल यायला चार दिवस लागणार होते, आणि मालक म्हणाला थांबायचं नाही. तर यानं काय करावं? केबल टीव्हीच्या जमान्यातली उरलेली गुंडाळी उचलली — हीच, ही मच्छरदाणी. पिळली, दाबली, वर पाच रुपयांची चिकटपट्टी. मीटर लावला, मीटरनं बीप दिला, याची छाती फुगली. एप्रिल होता, सगळं सुकं. सुक्यात काय, गाढवही पोहतं. पण आपलं ऊन असं की महिन्याभरात चिकटपट्टीचा गोंद पातळ होऊन ओघळतो आणि पट्टी सुटते. स्वतःला चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी मिळते, ती लावायची असते, खालनं वर गुंडाळत न्यायची, म्हणजे पाणी घसरून जातं. एवढं शेंबडं पोर सांगेल. याला माहीत नव्हतं? होतं की. दुकानात डबाभर पडली होती. पण चार दिवसांनी केबल बदलायचीच आहे तर कशाला वाया घालवा. आणि चार दिवसांचे झाले अडीच महिने. जुलैत पाऊस झाला, आणि नंतर मी वर चढून जोड कापला तर —

तो चढला. तो चढला म्हणतोय मी.

हं. जाऊ द्या. मीच. तुम्ही कोण माझे, पोलीस थोडेच आहात. जोड कापला तर आत जाळी गंजून सगळं पांढरं पीठ, आणि केबल खाली केली तर तळहातावर पाणी आलं. एवढंसं. पाच-सहा थेंब.

गौस त्या खाणीवर होता. माझा धाकटा भाऊ. काम काय, तर सुरुंगाआधी रस्त्यावर लाल झेंडी घेऊन उभं राहायचं, हातात वॉकीटॉकी. त्याला तिथं मीच चिकटवला होता. आता त्या खाणीची पद्धत ऐका, कारण असला नमुना जगात दुसरीकडं सापडायचा नाही. झेंडीवाले चार, चार वाटांवर. ऑफिसातनं विचारायचं, काय अडचण? कुणी काही बोललं तर थांबायचं. कुणीच बोललं नाही तर रस्ता मोकळा — दाबा बटण. गप्प म्हणजे मोकळं! आणि अशी पद्धत का, तर चौघं चार वेळा बोलत बसले तर वेळ जातो.

त्या दिवशी दोन बायका कडब्याचे भारे घेऊन बांधाआडनं आल्या. अक्कम्मा आणि तिची सून. गौस सेटवर ओरडत होता, थांबा थांबा थांबा — हे त्याच दोघी सांगतात, आमच्या घरी येऊन बसल्या होत्या, कानडीत सांगत होत्या, अम्मीला सगळं कळत नव्हतं, तरी ती ऐकत होती. ऑफिसात मात्र नुसती खरखर. खरखर म्हणजे काही नाही, काही नाही म्हणजे मोकळं. भोंगा झाला तेव्हा पळायला वेळ होता त्याला. तो उलट्या दिशेनं पळाला, त्या दोघींकडं. त्यांना ढकललं बांधाखाली. दगड त्याला लागला, एकच. केवढा, तर हा सोल्डरचा डबा आहे ना, एवढा.

सकाळी कुणीतरी त्याला म्हणालं होतं म्हणे, आज सेट नीट बोलत नाही. तर म्हणाला, भाईनं बसवलाय, पोचतंच.

तर हे तुमचे तीस मीटर. जोड झाले, ओढून बघा, हवं तर लोंबकळा. खाली सेटकडं वळवताना एक झोळ सोडा, पाणी तिथनं गळून जाईल. आणि जाताजाता एक सांगा — तुमच्या खाणीवर कसं चालतं? ऑफिसातनं विचारलं आणि कुणाचाच आवाज आला नाही तर काय समजता?

हसू नका. सगळीकडं असंच असतं म्हणजे?

आणा ती केबल इकडं. इकडं आणा. मी हिला सोनं लावून दिलं तरी एखाद्या दिवशी सेटची बॅटरी उतरेल, एखाद्याच्या हातनं सेट पडेल, आणि तुमचा माणूस बटणावर बोट ठेवून बसलेला. फोन लावा तुमच्या मालकाला. आत्ता, इथनं, माझ्यासमोर. म्हणावं, चौघांनी चार वेळा तोंडानं मोकळं म्हटल्याशिवाय सुरुंग नाही. जाऊ दे वेळ. लावा की.

तसं मालकाला सांगता येत नाही म्हणता? बरं. मग केबल मिळणार नाही. तुमचे पैसे हे घ्या, सगळे आहेत. दुसरं दुकान पुढच्या चौकात आहे, तो विचारणार नाही काही, डिशचीही देईल.

तेवढे दारातनं बाजूला व्हा. उजेड अडतोय.